साडेतीन गुंठे जागा आणि एक ठरलेला वार

शेतकरी बाजाराबाबत सातारा जिल्ह्यातील नगरपालिका व नगरपंचायतींना खुले पत्र

प्रति,
नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,
सातारा जिल्ह्यातील सर्व नगरपालिका व नगरपंचायती

विषय : शेतकऱ्यांच्या थेट विक्रीसाठी कायमची जागा, ठरलेला वार आणि पाळता येतील असे नियम

सप्रेम नमस्कार,

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास झाला तरी साल बरे गेले म्हणतात. या दोन टोकांमध्ये रस्त्याने जेमतेम सव्वाशे किलोमीटरचे अंतर आहे. एवढ्याशा टापूत स्ट्रॉबेरी होते आणि शाळूही होतो. इंद्रायणी भात, आले, हळद, वाघ्या घेवडा, डाळिंब, पावटा, वांगी, सगळे होते. पावसाळ्यात जावळी-पाटणच्या डोंगरात तर कोणी न पेरता भाजी उगवते. इतका ताजा आणि इतक्या तऱ्हेचा माल हाताशी असताना शहरातल्या घरात तो दोन-तीन हातांतून फिरून, एक-दोन दिवस शिळा होऊन पोहोचतो. पिकवणाऱ्याच्या पट्टीवरचा, म्हणजे घाऊक बाजारात मिळालेल्या हिशेबाच्या चिठ्ठीवरचा दर आणि गिऱ्हाईक मोजते तो दर यांत दुपटीहून जास्त अंतर पडते, हेही काही नवे नाही.

माल पिकवणारे, बाजारात बसून विकणारे आणि दर आठवड्याला पिशवी घेऊन येणारे असे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. शेतकरी बाजार सुरू करण्याची घोषणा सोपी असते. तो तिसऱ्या महिन्यातही भरतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. म्हणून काय लागते, किती लागते आणि कुठे बिघडते ते तपशिलाने मांडत आहोत.

कायद्याची अडचण नाही, हे आधी सांगतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेरची फळे-भाजीपाला विक्री नियमनातून मोकळी केली. शेतकऱ्याला आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकायला बाजार समितीचा परवाना लागत नाही. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजाराचे अभियानही सुरू केले. शेतातला माल तसाच, काही प्रक्रिया न करता विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागत नाही. हळदीची पूड, लोणचे, जॅम, पापड, मसाले विकायचे असतील तर मात्र ती लागते. हा फरक अधिकाऱ्यांनाही माहीत असावा आणि विकणाऱ्यांनाही, म्हणजे मेथीवाल्या बाईकडे कोणी परवाना मागणार नाही आणि लोणचेवाला बिननोंदणीचा बसणार नाही.

आता जागेचे. चाळीस विक्रेत्यांच्या बाजाराला फार मोठे मैदान लागत नाही. एकाला समोरून ६ फूट आणि खोलीला ५ फूट जागा पुरते. वीस-वीसच्या दोन समोरासमोर रांगा केल्या की लांबी १२० फूट होते. मधली वाट किमान ८ फुटांची हवी, कारण दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक वाकून माल निवडत असते आणि मधून पिशव्या घेतलेली माणसे जातात. ही वाट ५ फुटांवर आणली की लोक थांबत नाहीत, नुसते चालत राहतात, आणि विक्री पडते. विक्रेत्याच्या पाठीमागे दोन्हीकडे सहा-सहा फूट मोकळे ठेवले की क्रेट, रिकामी पोती आणि जादा माल तिथे राहतो. एकूण १२० फूट बाय ३० फूट, म्हणजे ३,६०० चौरस फूट. वळायला जागा धरून साडेतीन गुंठे. एवढी जागा प्रत्येक शहरात शाळेच्या मैदानाच्या कडेला, वाहनतळाच्या एका बाजूला किंवा जुन्या मंडईच्या अंगणात निघते.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. उघड्या गटाराला लागून नको, कारण पालेभाजीवर सतत पाणी शिंपडावे लागते आणि हात जिथे पोहोचतो तिथलेच पाणी शिंपडले जाते. पिण्याच्या पाण्याचा एक नळ किंवा ५०० लिटरची टाकी आत हवी. सकाळचा बाजार असेल तर पूर्वेकडे आणि संध्याकाळचा असेल तर पश्चिमेकडे झाड किंवा इमारत हवी. उन्हात अर्धा तास पडलेल्या कोथिंबिरीला नंतर कितीही पाणी मारले तरी ती उठत नाही. चौथी गोष्ट बायकांसाठीच्या स्वच्छतागृहाची. बाजारात बसणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्या पहाटे पाचला घर सोडून दुपारी बाराला परततात. शंभर पावलांच्या आत उघडे, पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल तर त्या पाणी पिणे टाळतात. तंबू, कमान, रंगीत छत्र्या यांच्यावर खर्च करण्याआधी हा खर्च करा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

पावसाळ्याचे चार महिने वेगळे धरावे लागतील. सातारा, वाई, मेढा, पाटण इथे जून ते सप्टेंबर उघड्यावर बाजार भरत नाही, आणि चार महिने बंद पडलेला बाजार ऑक्टोबरात पुन्हा शून्यापासून उभा करावा लागतो. तेवढ्यापुरती मंडईची रिकामी बाजू किंवा एखादी शेड द्या. फलटण, दहिवडी, वडूज, म्हसवडला ही अडचण कमी आहे, तिथे उन्हाळ्याची सावली जास्त महत्त्वाची.

वार आणि वेळ एकदा ठरली की हलवू नका. गिऱ्हाईक जाहिरात वाचून दर आठवड्याला येत नाही, सवयीने येते. ‘आज मैदानावर कार्यक्रम आहे, बाजार पलीकडच्या गल्लीत’ असे लागोपाठ दोनदा झाले की तिसऱ्या वेळी निम्मे लोक येत नाहीत. त्या दिवशी आणलेला माल अंगावर पडतो आणि चौथ्या आठवड्याला विक्रेतेही गळतात. वार निवडताना शहराच्या आणि आसपासच्या मोठ्या गावांच्या आठवडी बाजाराशी टक्कर नको. सकाळी सात ते अकरा ही वेळ मालाच्या सोयीची आहे, संध्याकाळी साडेचार ते साडेसात नोकरदारांच्या सोयीची. दोन्हींत माल चांगला राहतो, पण तयारी निराळी लागते. संध्याकाळच्या बाजाराची पालेभाजीसुद्धा सकाळीच, दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत काढावी लागते, आणि दिवसभर सावलीत ओल्या गोणपाटाखाली उभी ठेवावी लागते.

याच जागी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण बाजाराचे नाव बहुतेक वेळा इथेच खराब होते. मेथीची पेंडी बाहेरून हिरवीगार दिसते. ती सोडून मधोमध बोट घाला. आत ऊब लागली आणि मधली पाने पिवळसर, चिकट झाली असतील तर ती भाजी दव किंवा पाणी अंगावर असताना घट्ट बांधून पोत्यात दाबून भरलेली आहे. काढलेली भाजीही श्वास घेत असते, उष्णता सोडत असते. हवा खेळली नाही की ती आतून उकडते. उपाय साधा आहे. पेंडी सैल बांधायची, मुळाची माती झटकायची, पण धुवायची नाही, क्रेटमध्ये मुळे खाली ठेवून उभी रचायची आणि पाणी मारायचे ते बाजारात आल्यावर, वरून आणि हलके. आल्याचेही असेच. धुतलेले आले चकाकते, पण मातीसकट आणलेले जास्त दिवस टिकते. बाजाराचे नियम करताना ‘सर्व माल स्वच्छ धुतलेला असावा’ असे एक वाक्य कोणीतरी घालतो. कृपा करून ते घालू नका.

माल वजनाने आणि खरा विकला जातो का, हे बघणे मात्र आपले काम आहे. काटा वैधमापन विभागाकडून, म्हणजे वजन-मापे तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, पासिंग झालेला हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दरवर्षी, साध्या तराजूची आणि वजनांची दोन वर्षांनी. हे सगळ्यांना ऐकून ठाऊक असते. ठाऊक नसते ते असे, की बाजारात सर्रास दिसणारा ३० किलोचा, ५ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा १०० ग्रॅमच्या खाली वापरायचाच नसतो. ५० ग्रॅम मिरची किंवा आले त्यावर मोजले तर पाच ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. लसूण, मिरची, आले, कढीपत्ता विकणाऱ्यांना १ ग्रॅम टप्प्याचा १० किलोचा काटा लागतो. काटा ओबडधोबड जमिनीवर, हलत्या पाटावर ठेवला, बॅटरी उतरली, किंवा वरचे ताट बदलून शून्य करायचे राहिले की वजन चुकते. विकणाऱ्याच्या मनात खोट नसली तरी चुकते. म्हणून बाजाराच्या दारात नगरपालिकेच्या मालकीचा एक तपासणी काटा ठेवा आणि शेजारी शिक्क्याचे एक किलोचे वजन. कोणाही गिऱ्हाइकाने आपली पिशवी तिथे टाकून बघावी. भांडणे तिथल्या तिथे मिटतात आणि विक्रेताही आपला काटा सकाळी आल्या आल्या त्या वजनावर ताडून घेतो. पालेभाजी पेंडीने विकली तरी हरकत नाही, तशी रीतच आहे. टोमॅटो, वांगी, बटाटा यांचे वाटे लावून विकणे मात्र बंद व्हावे, कारण वाट्याचे वजन कोणालाच सांगता येत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. बाजारात बसलेला माणूस खरोखर पिकवणारा आहे का?

पिकवणाऱ्यानेच बसायचे, हा नियम सैल सोडला की सहा महिन्यांत शेतकरी बाजार आणि रस्त्यावरची भाजी यांत फरक उरत नाही. खरा शेतकरी चार वाफ्यांतला माल आणतो, तो नऊ वाजता संपतो. फेरविक्री करणारा घाऊक बाजारातून बारा जिनसा आणतो, त्याच्यापुढे ढीग राहतो, गर्दी त्याच्याकडे होते आणि शेतकरी हळूहळू यायचा बंद होतो. उलट नियम फार कडक केला तर तेही बिघडते. नुसता सातबारा मागितला तर बाजारात प्रत्यक्ष बसणाऱ्या निम्म्या बायका बाहेर राहतील, कारण जमीन सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते. खंडाने, बटईने करणाराही बाहेर राहील. आम्हाला जमणारी वाटते ती रीत अशी : कुटुंबातल्या कोणाचाही सातबारा, त्यावर ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून केलेली उभ्या पिकाची नोंद, आणि खंडकरी असेल तर गावाकडून तसा दाखला. पिकाची नोंद आणि पुढ्यातला माल जुळतो का, हे महिन्यातून एकदा बघायचे. दोन विक्रेते आणि एक गिऱ्हाईक अशा तिघांनी आधी न कळवता कोणत्याही दोन शेतांवर चक्कर मारायची. वाफा डोळ्यांनी बघितला की कागदाची फारशी गरज राहत नाही.

माल बघूनही बरेच कळते. एकाच मापाची, मेण लावल्यासारखी ढोबळी मिरची, परगावच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठीचा क्रेट, बाराही महिने एकाच माणसाकडे फ्लॉवर, साताऱ्याच्या शेतकऱ्यापुढे सफरचंद, यातले काहीही दिसले की विचारणा व्हावी. शेजारच्या शेताचा माल आणायला आमचा विरोध नाही. प्रत्येकाला आठवड्याला येणे परवडत नाही, आणि गावातल्या चार घरांनी मिळून एक टेम्पो आणणेच शहाणपणाचे. फक्त प्रत्येक ढिगावर तीन गोष्टींची पाटी हवी : गाव, दर, कधी काढला. ‘ल्हासुर्णे, आले नवे, काल काढलेले, पाव किलोचा दर अमुक.’ बस्स. ‘सेंद्रिय’ असे लिहायचे असेल तर प्रमाणपत्र सोबत हवे. नसेल तर शेवटची फवारणी कशाची आणि किती दिवसांपूर्वी केली तेवढे खरे सांगावे. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस छापलेले असतात, ते पाळले असतील तर सांगायला संकोच कशाचा?

आणि एक स्पष्ट करतो. वर्षानुवर्षे शहरात टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना उठवून ही जागा आम्हाला नको. त्यांचे पोट त्याच धंद्यावर आहे, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असतात. शेतकरी बाजाराची जागा आणि वार ठरवताना ही समिती बोलावून त्यांच्याशी बोला. बाजाराच्या शेवटच्या अर्ध्या तासात उरलेला चांगला माल याच मावशी ठोक दराने घेऊ शकतात, त्यांचाही फायदा आणि शेतकऱ्याला उरलेला माल परत न्यावा लागत नाही.

पैशांचा हिशेब आपल्यापुढे ठेवणे गरजेचे आहे, कारण ‘मधला दलाल गेला की शेतकरी सुखी’ एवढ्यावर योजना आखल्या जातात आणि मग शेतकरी का येत नाही याचे नवल वाटते. उदाहरणादाखल आकडे धरू. एकाकडे ४० किलो टोमॅटो आहेत. घाऊक बाजारात १२ रुपये दराने ४८० रुपये, वाहतूक-हमाली-तोलाई ९० रुपये गेले, हातात ३९०. तोच माल शेतकरी बाजारात २२ रुपयांनी लावला. ३२ किलो गेला, ७०४ रुपये. शेवटी ५ किलो १२ रुपयांनी काढला, ६० रुपये. ३ किलो फुटला, दबला. हातात ७६४. आता टेम्पोचा वाटा १२०, जागाभाडे २०, आणि एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी २०० धरा. उरले ४२४. म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंत बसून ३४ रुपये जास्त. हा माणूस पुढच्या आठवड्याला येईल का?

हाच शेतकरी सहा जिनसा मिळून १२० किलो घेऊन आला तर हिशेब बदलतो. सोयीसाठी दर तेच धरू. ९६ किलोचे २,११२, उरलेल्या १५ किलोचे १८०, एकूण २,२९२. माणूस एकच, जागा एकच, टेम्पोचा वाटा वाढून २००. खर्च ४२० वजा जाता १,८७२ राहतात. घाऊक बाजारात याच मालाचे खर्च वजा जाता १,१७० झाले असते. सातशे रुपयांचा फरक पडला, आणि गिऱ्हाइकाला २२ रुपयांत काल तोडलेला टोमॅटो मिळाला. या हिशेबातून निघणाऱ्या दोन गोष्टी आपल्याशी संबंधित आहेत. जागाभाडे वीस-पंचवीस रुपयांच्या वर नेऊ नका, आणि ते कितीही असले तरी छापील पावतीवर घ्या. वसुलीचा ठेका दिला असेल तर दर दारातच मोठ्या अक्षरांत लिहा. दुसरी गोष्ट, एका विक्रेत्याने पाच-सहा जिनसा आणाव्यात यासाठी कृषी विभागाला सोबत घ्या.

कारण आठवड्याच्या बाजाराला आठवड्याची पेरणी लागते. मेथी २५ ते ३० दिवसांत येते, कोथिंबीर ३५ ते ४५, मुळा साधारण ४० ते ४५ दिवसांत. एकदम दहा गुंठे मेथी टाकली की ती एकाच आठवड्यात येते आणि मग पेंडी मातीमोल जाते. त्याऐवजी दर आठवड्याला एकेक गुंठ्याचा वाफा टाकला तर पाच-सहा वाफ्यांत अखंड चक्र चालते. बाजाराच्या आदल्या रात्री आठपर्यंत कोण काय, किती आणणार हे व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले जावे. तीनशे घरांचा बाजार असेल तर ४०० पेंड्यांच्या वर मेथी खपत नाही. त्यापुढची मेथी कोणी आणू नये, हे रात्रीच कळले तर सकाळी काढायची वाचते. हा गट चालवायला आपला एक कर्मचारी द्या असे आम्ही म्हणत नाही, ते आमचे आम्ही करू. आपण त्या यादीचा उपयोग करून शहराला आदल्या रात्री कळवा : उद्या बाजारात काय आहे.

हे कळवणे फार मोलाचे आहे, कारण हंगामी माल गिऱ्हाइकाच्या लक्षात सणाने राहतो, महिन्याने नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी घराघरांत पावटा, घेवड्याच्या हिरव्या शेंगा, सोलाणा, गाजर, वांगी, बोरे, उसाचे करवे, तीळ आणि बाजरी लागते. हे सगळे जिल्ह्यात पिकते आणि नेमके त्याच आठवड्यात पिकते. बाजाराचा वार कोणताही असो, भोगीच्या आदल्या दिवशी एक जादा बाजार भरवा. तसाच ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी, बैलाच्या श्रमाशिवाय हाताने पिकवलेल्या भाज्यांचा. त्या दिवशी आळू, भोपळा, पडवळ, दोडका, माठ, मक्याचे कणीस घेऊन येणारी बाई दोन तासांत रिकामी होते. आषाढी आणि महाशिवरात्रीला रताळी. वटपौर्णिमेला फणस, जांभूळ, आंबा.

जून-जुलैत रानभाज्यांना एक वेगळी रांग द्या : कुर्डू, टाकळा, भारंगी, करटुली, पाथरी, घोळ. शहरातल्या तरुण घरांना त्या ओळखता येत नाहीत, म्हणून विकणारीने ओळख आणि कृती दोन्ही सांगायला हवी. भारंगीची पाने उकळून, पाणी टाकून, पिळून घेतली नाहीत तर भाजी इतकी कडू होते की ते घर पुन्हा रानभाजीच्या वाटेला जात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोरेगाव भागातला नवा वाघ्या घेवडा येतो. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण गिऱ्हाइकाला त्याहून उपयोगी माहिती ही, की दाणे यंदाचे आहेत की गेल्या सालचे. जुना घेवडा रात्रभर भिजवला तरी शिजायला वेळ घेतो आणि दोष जातीवर येतो. पाटीवर साल लिहा.

नोव्हेंबरपासून महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी. तिचे भौगोलिक मानांकन २०१० चे आहे आणि नावही मोठे, पण बाजारात तिचे नुकसान सगळ्यात जास्त होते. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर लाल होते, गोड होत नाही. म्हणून लांबच्या बाजारासाठी अर्धी पांढरी तोडलेली आणि इथे विकायला पूर्ण रंगलेली तोडलेली, ही दोन वेगळी फळे समजा. जिल्ह्यातल्या बाजाराचा खरा फायदा इथे आहे : पहाटे पिकलेले फळ तोडून सकाळी विकता येते. ती धुऊन आणायची नाही, खोल बुट्टीत भरायची नाही, एकावर एक दोनपेक्षा जास्त थर नकोत, आणि डब्याला भोके हवीत. देठ हिरवा, ताठ असेल तर फळ ताजे. देठ सुकून काळपट झाला असेल तर दोन दिवसांचे.

डिसेंबर-जानेवारीत माण-खटावचा हुरडा येतो. दाण्यात चीक भरलेला असतो ते दिवस थोडे, आणि काढल्यावर काही तासांत गोडी उतरते. हुरड्याची कणसे आदल्या दिवशी कापून आणण्यात अर्थ नाही.

मार्च ते मेमध्ये भाजी कमी आणि ऊन जास्त, तेव्हा बाजार ओस पडतो. बहुतेक ठिकाणी बाजार बंद पडतो तो याच दिवसांत. पण हेच दिवस सालभराच्या बेगमीचे असतात. शाळू, हळकुंडे, चिंच, मिरची, तूर, मटकी यांची मोठी खरेदी घरे याच महिन्यांत करतात. या तीन महिन्यांसाठी बाजाराला धान्याची रांग जोडा. इथे वजन किलोत नाही, ५० किलोच्या कट्ट्यात होते, म्हणून जमिनीवर ठेवायचा १०० किलोचा मोठा काटा लागेल. धान्य पुरते वाळले आहे का, हे बघायला दाणा दाढेखाली धरायचा. कट् आवाज येऊन तुटला तर वाळलेला. चेपला तर ओल आहे, पावसाळ्यात त्याला कीड लागणार. एप्रिल-मेमध्ये करवंदे, आणि मेमध्ये गावठी रायवळ आंबा. पिंजराच्या अढीत, म्हणजे वाळल्या गवतात रचून पिकवलेला आंबाच बाजारात यावा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर बंदी आहे. आंब्याच्या पेटीत राखाडी भुकटी असलेली कागदाची पुडी सापडली की तो विक्रेता त्या हंगामापुरता बाहेर, असा नियम आधीच जाहीर करा.

कचऱ्याचे थोडक्यात. पाने-देठ ज्याचे त्याने परत न्यावेत, गुरांना चालतात. फुटलेल्या मालासाठी एक ओल्या कचऱ्याचा डबा पुरे. पिशवी गिऱ्हाइकाने घरून आणावी, विसरल्यास दारात कापडी पिशवी विकत मिळावी. बचत गट ते आनंदाने करतील.

मोठा ठराव, मोठा निधी लागेल असे यात काही नाही. बारा आठवड्यांसाठी एक जागा द्या, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. सुरुवात पंधरा विक्रेत्यांनी झाली तरी चालेल, पण त्याहून कमी नको. दहा जण बसलेल्या बाजारात गिऱ्हाइकाची पिशवी भरत नाही आणि त्याला पुन्हा मंडईत जावेच लागते. दर बाजाराला दोन आकडे लिहून ठेवा : किती विक्रेते आले, आणि साधारण किती वाजता कोणता माल संपला. माल साडेआठला संपत असेल तर विक्रेते वाढवा. अकराला ढीग उरत असतील तर तोच माल आणणाऱ्यांना गटावर कळवा. बारा आठवड्यांत भोगी येईल. त्या आधीच्या जादा बाजाराला कोणता माल कमी पडला ते लिहून ठेवले, की पुढच्या वर्षीची पेरणी त्यावरून ठरवता येईल.

शेवटी एक लहान मागणी, आणि ती विसरू नये म्हणून वेगळी लिहीत आहोत. मैदानाचे फाटक पहाटे साडेपाचला उघडे हवे. टेम्पो तेव्हाच येतात. माल उतरवून, मांडून, काटा लावून पहिले गिऱ्हाईक यायच्या आत दीड तास लागतो. फाटक सात वाजता उघडले तर भाजी रस्त्यावरच उतरते, वाहतूक अडते, तक्रार येते आणि बाजार बंद करण्याचा विषय पुढच्या सभेत निघतो. किल्ली कोणाकडे असेल त्या कर्मचाऱ्याचे नाव आणि तो नसेल तर दुसरी किल्ली कोणाकडे, एवढे पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी आम्हाला कळवावे.

आपले,
सातारा जिल्ह्यातील फळे-भाजीपाला व धान्य उत्पादक,
बाजारात बसणाऱ्या महिला विक्रेत्या
आणि आठवड्याची पिशवी घेऊन येणारे ग्राहक